चौथी खुंटी

ता. ४ जून

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बऱ्याच वर्षांनी माझे अक्षर पाहून तुझी उजवी भुवई वर गेली असेल. गेली तर जाऊ दे, पण पत्र फाडू नकोस. घरी सगळे ठीक आहेत. कारखाना मात्र ठीक नाही.

नव्या रुग्णालयाच्या दोन लिफ्ट बसवण्याचे काम मी अंगावर घेतले आहे. महिनाअखेरीस इमारत सुरू व्हायची आहे. त्या दिवशी दोन्ही लिफ्ट चालल्या नाहीत, तर पुढची सगळी देखभाल दुसऱ्याकडे जाईल, आणि मग बाबांच्या कारखान्याला कुलूप लावण्यावाचून गत्यंतर नाही. माणसे तीनच, तुझ्या ओळखीची: रूळ उभे करणारा पैलवान, वेल्डर ठिणगी आणि आपला वायरमन. मी कॉम्प्युटरवर वेळापत्रक केले होते, चांगले रंगीत. त्यात दोन्ही शाफ्टचे वायरिंग एकाच आठवड्यात आले. कॉम्प्युटरने हूं की चूं केले नाही. वायरमनने मात्र विचारले की, कमरेवरचा भाग कुठल्या शाफ्टमध्ये पाठवू आणि खालचा कुठल्या.

रूळ धरणारे ब्रॅकेट ठिणगीने पहिल्या शाफ्टमध्ये जोडले आहेत, दुसऱ्यातले बाकी आहेत. कंट्रोलची कपाटे कंपनीतून तपासून, सील होऊनच आली आहेत. पण रूळ लावताना वर पैलवान असला तरी खाली खड्ड्यात ओळंबा धरायला दुसरा माणूस लागतोच, आणि परवान्याशिवाय कुणाला शाफ्टमध्ये उतरू देत नाहीत. माझे डोके चालेनासे झाले आहे. कामांची क्रमवारी तुझ्यासारखी कुणालाच लावता येत नाही. झाले गेले विसरून जा आणि एवढे लावून दे.

राग असेल तितका असू दे. त्यातून उरेल तेवढा लोभ पाठव.

तुझा,
धाकटा


ता. ७ जून

चि. शेंडेफळास,
अ. उ. आ.

पत्र पोचले; फाडले नाही. ‘झाले गेले विसरून जा’ हे वाक्य ज्याने केले त्याने लिहायचे नसते. ज्याने सोसले त्याने म्हणायचे असते. मी ते म्हणत नाही.

बाबांच्या फळीचे तू काय केलेस ते माझ्या कानावर आले आहे. जितकी माणसे तितक्याच खुंट्या, आणि एका खुंटीवर एका वेळी कामाची एकच पाटी, इतका साधा तिचा नियम. खुंटी रिकामी नसली की पाटी हातात राहते आणि माणूस विचार करू लागतो. तिच्या खुंट्या उपटून तू ती दारात चपला ठेवायला लावलीस. ती भिंतीवरून उतरवलीस त्याच दिवशी फाटकात, तिन्ही कामगारांच्या देखत, तू मला सांगितलेस की, ज्याच्या हाताला ग्रीस लागत नाही त्याला या कारखान्यात बोलायचा अधिकार नाही. मी तेव्हा वाद घातला नाही. वादात आधी प्रतिपक्षाचे विधान नीट ऐकून घ्यायचे असते. पुढे महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवताना ते विधान मी जपून ठेवले.

आता क्रम. पहिल्या टप्प्यात पैलवान पहिल्या शाफ्टमध्ये रूळ लावेल, ठिणगी दुसऱ्यात ब्रॅकेट जोडेल, वायरमन कंट्रोलच्या कपाटांच्या जोडण्या तपासेल. दुसऱ्या टप्प्यात पैलवान दुसऱ्या शाफ्टमध्ये, वायरमन पहिल्यात, आणि ठिणगी दारांच्या चौकटींवर. तिसऱ्या टप्प्यात वायरमन दुसऱ्या शाफ्टचे वायरिंग करील. काम वेळेत पुरे होते. उरला खड्ड्यात ओळंबा धरणारा. तिघेही गुंतलेले आहेत. परवाना असलेला चौथा माणूस एकच, बाबांनी मागे लागून परीक्षेला बसवलेला तू.

तेव्हा चपला उचल, फळी भिंतीवर लाव, तीन खुंट्या पुन्हा बसव आणि शेजारी चौथी ठोक. खड्ड्यात तू पैलवानाच्या हुकमाखाली असशील. त्याला तू बैल म्हणतोस, ते तेवढे दिवस बंद ठेव.

मांडणीत चूक आढळल्यास अवश्य कळवावी. आशीर्वाद आहेत, ते मागे घ्यायची सोय नसते.

ताई


ता. ९ जून

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी मांडणी उलटसुलट करून तपासली. चूक सापडत नाही, हीच माझी तक्रार आहे. मालकाने खड्ड्यात उभे राहून दोरी धरायची आणि नोकराने वरून ओरडायचे, असा हा न्याय. नाक मुठीत धरून उतरतो आहे. फळी लावली. चौथ्या खुंटीवर नाव काय घालायचे म्हणून विचारले, तर पैलवानाने खडूने ‘नवा’ असे लिहिले आणि बाकीचे दोघे पाठ फिरवून हसले.

तुझे समाधान झाले असेल, तर तसे कळव. निदान एकाचे तरी झाले असे धरता येईल. लोभ आटला तरी चालेल, पण आता मांडणी बदलू नकोस.

तुझा,
धाकटा


ता. १ जुलै

ती. स्व. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

दोन्ही लिफ्ट काल सुरू झाल्या. कारखाना वाचला. सगळ्यात आधी हे तुम्हांला कळवावे असे वाटले.

आपल्या बंधुराजांची हकिगत मात्र ऐकण्यासारखी आहे. रुग्णालयाच्या मुख्य डॉक्टर पाहणीला आल्या आणि मालक कुठे आहेत म्हणून चौकशी करू लागल्या. पैलवानाने वरूनच खड्ड्याकडे बोट दाखवले, आणि त्याच दमात ओळंबा हलला म्हणून ह्यांच्यावर खेकसला की, बैला, हात स्थिर ठेव. बाई वाकून खाली बघताहेत, आणि हे कोपरापर्यंत ग्रीसने माखलेले, वर बघून नमस्कार करावा तर दोरी सुटते. त्या दिवशी हे जेवणाआधी बराच वेळ हात घासत होते. नखांतले काळे अजून निघत नाही.

आता एक विचारू का? फळी भिंतीवर आल्यापासून येताजाता मी पाट्या हलवून पाहते. मला त्याचा नादच लागला आहे. पहिल्या टप्प्यात वायरमनला तुम्ही कपाटे तपासायला लावले. ती तर सील होऊन आली होती, ह्यांनीच तुम्हांला तसे लिहिले होते. म्हणजे तो मोकळा होता, आणि खड्ड्यात उतरू शकत होता. दुसऱ्या टप्प्यात ठिणगी उतरला असता. त्याच्या चौकटी तिसऱ्या टप्प्यातही झाल्या असत्या, तेव्हा तो हातावर हात ठेवून बसला होता. तारीख तीच राहते, आणि चौथ्या खुंटीची गरजच उरत नाही. परवाने तिघांकडेही आहेत.

ह्यांना अजून बोलले नाही. चुकत असेन, तर कान धरा. चुकत नसेन, तर तुमच्या नजरेतून हे सुटले कसे?

तुमच्या मायेचा धाक वाटणारी,
भावजय


ता. ४ जुलै

चि. सौ. भावजयीस,
अ. उ. आ.

तू चुकत नाहीस. आणि सुटलेही नाही. तुझी मांडणी मला त्याचे पत्र वाचून संपायच्या आत दिसली होती.

दोन्ही मांडण्यांत काम वेळेवर होत होते. दोन पर्याय सारखेच निर्दोष असले, की निवडणाऱ्याला आपले कारण लावण्याची मुभा असते. माझे कारण फाटकातले होते. कारखाना बुडावा असे मला वाटत असते तर मी उत्तरच धाडले नसते; पण बुडालेला माणूस सुडाच्या उपयोगाचा नसतो. तो शाबूत हवा आणि कामावर हजर हवा. ग्रीस न लागलेल्या हाताला बोलायचा अधिकार नाही, हे विधान त्याचे. त्याच्याच नियमाने तो इतकी वर्षे अनधिकाराने बोलत होता. मी निष्कर्ष काढून त्याला पात्र करून दिले. पश्चात्ताप होतो का, हेही तपासून पाहिले. होत नाही.

हे पत्र त्याला मोठ्याने वाचून दाखव. घरात नव्हे, फाटकात, त्याच तिघांच्या देखत. मग फळी तू सांभाळ. पाटी कुठल्या खुंटीवर जाईल, हे यापुढे तू ठरवायचे. त्याने हरकत घेतली तर ऐकून घे; आता त्याला बोलायचा अधिकार आहे.

तुझ्यावरचा लोभ आजपासून वाढला. त्याच्यावरचा होता तिथेच आहे.

ताई

ता. क. चौथी खुंटी काढू नकोस.