सामंतांच्या रायफलीचा घोडा

२१ सप्टेंबर, रविवार
आजपासून रोज लिहिणार. उद्या कोणी माझ्यावर लेख लिहायला बसलं तर तारखा हाताशी हव्यात.

शिवदासदादा, म्हणजे माझ्या बायकोचे, मृणालिनीचे, थोरले भाऊ, दिवाळीनंतर कायमचे देवगडला चालले. मरोळच्या गाळ्यात जुन्या बंदुका दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. म्हणाले, देवेशराव, सामंतांच्या रायफलीचा घोडा तुम्ही एकट्याने करा. जमला तर गाळा तुम्ही चालवा, लायसन्सच्या अर्जाचं मी बघतो. नाही जमला तर विकून मोकळा होतो.

तीन वर्षं त्यांच्या हाताखाली आहे. गाळा माझाच समजायला हरकत नाही.

२३ सप्टेंबर
रायफल आमचं बोरिवलीचं गिऱ्हाईक सामंत, त्यांच्या पणजोबांची. एका वेळी एकच गोळी घेते. आता कोणी उडवत नाही. दसऱ्याला पूजा झाली की घरातला कर्ता घोडा, म्हणजे चाप दाबल्यावर आपटणारा तुकडा, मागे ओढतो आणि रिकामाच चाप दाबतो. टक्. एवढंच. पण घोडा झिजलाय, ओढला तरी अडकत नाही. नवा हवा, दसऱ्याच्या सकाळपर्यंत.

२५ सप्टेंबर
पहिला तुकडा वाया. मिलिंग मशीन जुनं आहे. दादांना बोललो नाही, त्यांना उगाच टेन्शन.

२७ सप्टेंबर
दुसराही. भोक तिरकं गेलं. माप मीच घेतलं होतं, पण मिणमिणता बल्ब दादांचा.

२९ सप्टेंबर
तिसरा झकास. व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकली.

दादांनी भिंगातून पाहिला. आकार छान म्हणाले. मग सुरू झाले: भट्टीत लाल करून तेलात विझवा आणि लगेच पुन्हा मंद तापवा. ते टेंपरिंग राहिलं तर पोलाद काचेसारखं फुटतं. मला हे माहीत आहे. एकच गोष्ट चारदा सांगायची त्यांना सवय आहे.

३० सप्टेंबर, अष्टमी
संध्याकाळी तेलात विझवला. कानस फिरवून बघितली, नुसती घसरते. इतका कडक घोडा मरोळमध्ये झाला नसेल. फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकला. त्यात वेळ गेला. टेंपरिंग उद्या, फ्रेश डोक्याने.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी, सकाळी
दादा यायच्या आत मीच पूजा उरकली. लेथ, मिलिंग, भट्टी, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचे हार. दादा आले, खूश झाले. म्हणाले, वा, आता उद्यापर्यंत हत्यारांना विश्रांती. मग विचारलं, टेंपरिंग कालच झालं ना?

हो म्हणालो.

दुपारी
पुजलेली भट्टी आज पेटवायची नाही, हे दादा फार कडक पाळतात. गुपचूप पेटवली असती, पण ते दारातच खुर्ची टाकून बसलेत आणि शेजारचे गाळेवाले प्रसादाला येतायत. मृणालिनीला फोन केला, तव्यावर काम होईल म्हणून. ती म्हणाली, पुरणपोळीच्या तव्यावर तुझं तेलकट लोखंड? वेडा झालायस काय रे?

संध्याकाळी
शांतपणे विचार केला. टेंपरिंग म्हणजे कडकपणा कमी करणं. एवढा मेहनतीने आणलेला कडकपणा मी का घालवू? आणि वर्षातून एकदाच तर टक् करायचं.

दादांनी विचारलं, तापवल्याचा रंग कसा दिसत नाही? पॉलिश केलं म्हणालो.

२ ऑक्टोबर, दसरा, दुपारी
बोरिवलीला दादांनी घोडा बसवला. सामंतांचं सगळं घर जमलेलं. चंद्रप्रकाश सामंतांनी घोडा ओढला. अडकला. दादांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या कौतुकाने त्यांनी माझ्याकडे कधीच बघितलं नव्हतं. मला तिथेच थांबवावंसं वाटलं सगळं.

सामंतांनी चाप दाबला. घोड्याचं डोकं तुटून पूजेच्या तबकात पडलं.

दादांनी तुकडा उचलून मोडलेली कड पाहिली. त्यांना कळलं. हात जोडून म्हणाले, टेंपरिंग माझ्याकडून राहिलं, वय झालं आता. सामंत म्हणाले, चालायचंच, ह्या वयात होतं असं. सगळ्यांनी माना हलवल्या.

मीही हलवली.

संध्याकाळी
परत येताना रिक्षात माझ्याकडे कारणं तयार होती. नवमी, भट्टी, तवा. दादांनी एकही विचारलं नाही. माझ्या बिल्डिंगशी रिक्षा थांबली तेव्हा खिशातून आपट्याचं पान काढून दिलं. म्हणाले, सोनं घ्या, देवेशराव. शनिवारी गाळा बघायला एजंट येतोय, तेवढा जरा झाडून ठेवा.

ठेवतो म्हणालो. चूक माझी होती एवढं म्हणायला तेव्हाही वेळ होता. मी रिक्षावाल्यासाठी सुटे शोधत बसलो.