ज्याची ओ आधी

४ जुलै
लागलो बुवा कामाला! कॉलेज अर्ध्यात सोडलेल्याला दारात कोण उभं करतं? मामाने केलं, त्याच्याच ऑफिसात. विभागप्रमुखांच्या टेबलावर फाइल आपटून घरी आलो, तेव्हापासून आईने अबोला धरला होता. आज तिनेच स्वेटर शोधून दिला. सर्व्हरच्या खोलीत तो लागतोच. फरश्यांखालून गार वारा आणि दोन उंच कपाटांची एकसारखी घरघर. एका यंत्राला थोरला म्हणतात, दुसऱ्याला धाकटा. काम दोघांचं एकच. थोरला पडला की धाकटा उचलतो. बाहेरच्यांना पत्ताही लागत नाही.

कॉलेजातल्या माझ्या तिला फोन केला. म्हणाली, तडतड्या, डोकं थंड ठेव, ही नोकरी टिकव आणि सतरा तारखेला, रविवारी, घरी येऊन बाबांशी बोल. तडतड्या मला फक्त तीच म्हणते. दिवसभर खुळ्यासारखा हसत होतो.

६ जुलै
मामाने आज नावांची भानगड समजावली. यंत्राचं नाव जोडीच्या सेटिंगमध्ये लिहिलेलं असेल तर तेच धरायचं. नसेल तर यंत्रालाच विचारायचं, बाबा रे, तू स्वतःला काय म्हणवतोस? ते सांगेल ते खरं. तोंड कोणी पाहत नाही. मग दोघं सतत एकमेकांना हाका मारत राहतात. ज्याने ओ दिली नाही, त्याची वीज दुसरा आधी तोडतो आणि मगच त्याचं काम हातात घेतो. मी म्हटलं, हा तर खूनच झाला. मामा म्हणाला, एका म्यानात दोन तलवारी ठेवून बघ, मग कळेल. वर दम भरला, यंत्राला जित्या माणसाचं नाव द्यायचं नाही. का, म्हणून विचारलं तर डबा उघडून जेवायला बसला.

९ जुलै
भांडण झालं. ती वर्गातल्या एकाबरोबर चहा पीत होती. मी त्याचा कप भिरकावला. तिने सांगून टाकलं, आता त्या नावाने हाक मारणार नाही, आणि रविवारीही यायचं नाही.

तसाच कामावर गेलो. धाकटा जुना झाला म्हणून त्याच्या जागी नवं यंत्र आलेलं. सेटिंगमधलं जुन्याचं नाव मामाने पुसून ठेवलं होतं आणि तो बाहेर गेला होता. यंत्राने नाव विचारलं. डोकं फिरलेलंच होतं. तिने नाही तर नाही, यंत्राने तरी म्हणावं! टाइप केलं, तडतड्या. थोरल्याने लगेच मानलं. पडद्यावर हिरवी अक्षरं: तडतड्या, हजर. बरं वाटलं.

१२ जुलै
चहावाला म्हणतो, आत्ताच तर पिऊन गेलास, कधी नव्हे ते आभारही मानलेस. मी फिरकलोच नव्हतो. थट्टा करतोय असं वाटून खेकसलो. त्यावर म्हणे, हां, आता ओळखलं.

१४ जुलै
तिचा फोन. आवाज अगदी लोणी. काल किती छान माफी मागितलीस, एकदाही तडकला नाहीस, रविवारी ये, बाबा वाट बघताहेत. काल मी तिला भेटलोच नाही. ते सांगायला तोंड उघडलं, तर तिने विचारलं, पण तुझे हात एवढे गार का होते रे?

१५ जुलै
नाव बदलायला धावलो. सर्व्हरच्या खोलीच्या दाराला कार्ड लावलं — लाल दिवा. रखवालदार म्हणाला, तू आत आहेस. मी म्हटलं, मी तुझ्यापुढे उभा आहे! म्हणाला, यंत्र सांगतं ते खरं.
काचेतून पाहिलं. पाठमोरा. माझाच स्वेटर. आणि माझा तर अंगात —
मामाला फोनवर सगळं सांगितलं. त्याने यंत्राचं नाव पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाला, ती हाक मारेल तेव्हा आधी तू ओ दे. काहीही कर, पण आधी दे.

१७ जुलै
तिच्या दारासमोरची पायरी. बेल दाबतोय, वाजत नाही. खिडकी उघडी. बाबा हसताहेत. समोर तो — मान खाली, शांत. मी इतका शांत कधी —
ओरडलो. कोणी वळलं नाही.
बोटं गार. त्या खोलीसारखी.
ती स्वयंपाकघरात आहे. हाक मारेल. तयार आहे मी. ओ. ओ. ओ —
मारली.
त्याने दिली. माझे ओठ हलले, आवाज —
तो उठला. खिडकीशी आला. माझ्याकडे बघत नाही. भिंतीवरच्या बटणाकडे हात —
लिहितोय म्हणजे मी अजून आ