कोपरा झिजलेला पाट

॥ श्री ॥
नांदगाव (मुरूड), श्रावण शु. ३, शके १८५९

तीर्थस्वरूप सौ. आईस,
नंदाचा साष्टांग नमस्कार. वि. वि. मी खुशाल आहे, असं लिहायचं असतं म्हणून लिहिते.

अवसेच्या दुपारी समुद्राचं पाणी चढत चढत केवड्याच्या बनाला टेकलं. घरात मी एकटी. आपल्या आंबीला इंद्रायणी पात्राबाहेर आली की आपण करतो तेच केलं. तांदळाची मडकी माळ्यावर चढवली, शेळ्या सोडून टेकाडाकडे हाकलल्या, आणि पूर आला, पळा, म्हणून आळीभर ओरडत सुटले. शालूमामी बागेतून धावत आली आणि मला बघून हसत हसत खालीच बसली. अगं बाई, हे उधाण, दर अवसे-पुनवेला येतं आणि आपलं आपण जातं, म्हणाली. शेळ्या सापडायला मात्र दिवस मावळला. आता आळीतली पोरं मला पूरवाली वहिनी म्हणतात. तुझे जावईही हसले.

सासू झाली तरी मामी मायाळूच आहे. पण नारळी पौर्णिमेला या घरच्या नव्या सुनेनं गुडघाभर पाण्यात उभं राहून नारळ सोडायचा असतो. आई, मला ते व्हायचं नाही. समुद्राचा तो आवाज झोपेतही सोडत नाही. पुनवेनंतर बोटी सुरू होतील. भाऊला पाठव. मी येते ती कायमचीच.

आहे तो लोभ वाढव आणि भाऊला धाड.
तुझी नंदा

आंबी, श्रावण शु. ८

चि. सौ. नंदास,
आईचे पोटभर आशीर्वाद. पत्र वाचून आधी हसले, मग डोळे पुसले. आबांना फक्त शेळ्यांची हकीकत सांगितली.

पोरी, मी लग्न होऊन इकडे आले त्या वर्षी तुझ्या आजीला विचारलं होतं, नदीची ओहोटी कधी लागते? आजी बारशाला, जावळाला, जिथं जाईल तिथं ते सांगायची. पुढं मी ते शब्दच काढले नाहीत. भरती, ओहोटी, अष्टमीच्या सुस्त पाण्याचा भांग, किनाऱ्याची पुळण. इथं कुणाशी बोलणार? तुला माझ्याच भावाच्या घरी दिली तेव्हा वाटलं, पोर ते आपोआप शिकेल. तसं कुठं असतं!

आता नीट वाच. लाट लांबून उठते, जवळ आली की वाकते आणि मग फुटते. फुटल्यावर नुसता फेस, त्याला काय भ्यायचं? लाटेला पाठ दाखवायची नाही, छातीही द्यायची नाही. खांदा द्यायचा. परत जाणारं पाणी तळव्याखालची वाळू काढून नेतं. तेव्हा पाय उचललास की पडलीस. उचलू नकोस. जराशी रुतशील, रुतू दे.

एवढं करून पाहा. त्यानंतरही यावंसं वाटलं तर लिही, भाऊ येईल. मी अडवणार नाही. आणि रुखवतात नवे पाट असताना हा जुना का, म्हणून फुरंगटली होतीस ना? तो माझ्या माहेरून आलेला. मामीला दाखव.

मामीला सांग, तिची ही मुक्ता अजून मेलेली नाही.
तुझी आई

नांदगाव, श्रावण व. २

तीर्थस्वरूप सौ. आईस,
नमस्कार. उभी राहिले! पहिल्या लाटेला डोळे मिटले, दुसरीला खांदा दिला. वाळू सरकायला लागली तशी तुझी ओळ मनात धरून राहिले. घोट्यापर्यंत रुतले, पण पडले नाही. नारळ तिसऱ्या लाटेनं नेला. मामीच्या लुगड्याचा पदर मात्र मी मुठीत इतका आवळला होता की फाटला.

घरी येऊन पाट दाखवला. मामी बराच वेळ त्याच्या झिजलेल्या कोपऱ्यावरून हात फिरवत होती. मग एकदम मुलीसारखी हसली. आश्विनात समुद्र निवला की दुपारी पुरुषमाणसं झोपलेली असताना तुम्ही दोघी कासोटा घालून याच पाटावर आळीपाळीनं पालथ्या पडायचात म्हणे! मागून लाट उचलायला लागली की एकदा पाय झाडायचे, की थेट पुळणीवर. कोपरा तिथंच वाळूला घासून झिजला. एकदा भटजी जेवायला आले आणि पाटांत एक कमी. तुझी आई घरभर शोधतेय, आणि तू त्याच्यावर लाटेत! आई, तू? आंबीच्या नदीवर मला घोट्याच्या वर जाऊ न देणारी तू?

मामी म्हणते, दसऱ्यानंतर मला शिकवणार. पण या वयात तिला एकटीला लाज वाटते. भाऊला पाठवू नकोस. त्याचा इथं काही उपयोग नाही. ज्या बाईचा पाट आहे तिनंच यावं, असा मामीचा निरोप.

वाट पाहायला लावू नकोस.
पूरवाली नंदा

आंबी, भाद्रपद शु. ५

चि. सौ. नंदास,
आशीर्वाद. दसरा झाला की निघते. भावाला भेटायला जाते, असं आबांना सांगितलं. गणपतीआधीच सुताराकडून सागाचा एक पाट करून आणला. आबा विचारत होते, एवढं ओझं कशाला नेतेस, तिकडे पाट नाहीत का?

त्यांना म्हटलं, होता एक माझा. तो आता नंदाचा आहे.

तुझी आई