पंजाला लावलेलं रबर

प्रिय ताई,

आदर्श नगरहून निलयचा नमस्कार. मी बरा आहे, दोन्ही वेळ जेवतो, आईला तसं सांग. तिचा गुडघा कसा आहे?

इथे शाळेच्या मुलांना स्पर्धेच्या रोबोटचा पंजा बनवायला शिकवतो. त्याने मातीचा कुल्हड उचलायचा. पहिले चार दाबून फुटले. मुलं त्यांच्या हिंदीत म्हणाली, "भैया, और कसें?", म्हणजे आणखी आवळू का? मी म्हणालो, ढिला करा आणि आतून सायकलच्या ट्यूबचं रबर लावा.

हे कस्तुरीचं म्हणणं, ताई. कॉलेजच्या स्पर्धेत आमच्या जोडीच्या रोबोटने अंडं उचलायचं होतं, तेव्हा ती मला हेच सांगत होती. मी हट्टाने स्क्रू आवळला, अंडं फुटलं आणि सगळ्यांसमोर तिच्यावरच ओरडलो. मग तिला तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. अभ्यास झेपत नाही म्हणून कॉलेज सोडलं, हे मी घरी खोटं सांगितलं.

तिचा साखरपुडा झाल्याचं तू लिहिलंस. चांगलं झालं. तुझं पत्र तीनदा वाचलं.

काल पाचवा कुल्हड अलगद उचलला गेला. मुलं नाचली, मी नळावर तोंड धुवायला गेलो.

ती भेटली तर एवढंच सांग, निलयने रबर लावलं. बाकी काही सांगू नकोस.

तुझा रागीट भाऊ,
निलय