खंडोबाचा दुसरा कुत्रा

प्रिय आई,

सापडला गं तुझा कुत्रा! हारुको मावशींचा फोन आला आणि आधी तुलाच सांगावंसं वाटलं. तुझा नंबर लावायला गेले, मग आठवलं. म्हणून हे पत्र.

सॅक्रॅमेंटोबाहेरचं त्यांचं छोटं शिंतो देऊळ तुला दाखवायला नेलं, तेव्हा किती लाजवलंस मला! मावशी सांगताहेत, दारातला हा दगडी कोल्हा इनारी देवाचा दूत. तू ऐकशील तर शपथ!

"कोल्हा कसला? देवाच्या दारात असा कान टवकारून कोण बसतं? खंडोबाचा कुत्राच हा."

आणि पर्समधला जेजुरीचा भंडारा त्याच्या नाकाला लावून मोकळी! मी "सॉरी, सॉरी" करत राहिले, मावशी मात्र हसत सुटल्या.

मग त्यांनी देवळाची हकिकत सांगितली. त्यांचे आजोबा स्ट्रॉबेरीच्या मळ्यात मजूर. पुढे स्वतःचं शेत झालं, तिथे त्यांनीच हे देऊळ बांधलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं इथल्या जपानी लोकांना कैदी म्हणून छावण्यांत नेलं, तेव्हा जाण्याआधी त्यांनी कोल्ह्यांची जोडी शेतात पुरली. परत आल्यावर एकच मिळाला. मरेपर्यंत दुसरा शोधत होते बिचारे. त्याचा ओटा रिकामाच राहिला.

तू त्या रिकाम्या ओट्यालाही भंडारा लावलास. "बाहेर गेलाय म्हणून काय झालं? त्याचं ताट झाकून ठेवायला नको?" हे इंग्रजीत सांगताना माझी तारांबळ उडाली. पण मावशींना कळलं. तुझा हात धरून रडल्या त्या.

भारतात परतताना उरलेली पुडी माझ्या हातात कोंबलीस, तो सापडला की लाव म्हणालीस. मग दर रविवारी फोनवर तेच, "सापडला का गं?" हॉस्पिटलमधूनसुद्धा! दोन महिने थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?

शेत आता विकलंय, तिथे घरं होणार. पाइपसाठी खणताना तो निघाला, एक कान तुटलेला. दोघांना आता मावशींच्या मुलाच्या अंगणात नेणार आहेत. मी गेले तेव्हा मुलगा देवळातल्या पहिल्या कोल्ह्याचं पिवळं नाक धुवायला निघाला होता.

"डोन्ट यू डेअर!" मावशी ओरडल्या. मग मला हळूच म्हणाल्या, "मदर्स यलो पावडर?"

खरं सांगू? द्यायची नव्हती मला ती पुडी. तुझ्या हातचं एवढंच उरलं होतं. पण इतक्या वर्षांनी घरी आलेल्याला उपाशी कसं ठेवायचं? लावला भंडारा. पुडी झटकून संपवली आणि तिथेच बसून रडले.

जेजुरीहून नवी पुडी आणीन, दोघांना लावत जाईन. आणि दर रविवारी तुझंही ताट झाकून ठेवीन. बाहेरच तर गेलीयस.

तुझी,
मीनू