केवळाबाई उठली की सगळ्या उठतात

१९ मे

आज पुन्हा तेच. केवळाबाई चहाला उठली आणि मागोमाग सगळ्या उठल्या. सगळ्या मशिनी एकदम गप्प. मी मधोमध उभी, हातात कात्री. "अजून वेळ आहे चहाला," म्हटलं. सविता म्हणते, "ताई, केवळामाय उठली न्हवं. चला, तुमी बी घ्या घोटभर."

घेतला. चहा चांगला होता, त्याचाच जास्त राग आला.

जूनच्या मध्यावर शाळा उघडतील. त्याआधी आसपासच्या शाळांचे गणवेश आमच्या बोरीच्या शिवणकेंद्रातून जायला हवेत. वेळेत आणि नीट गेले तर पुढच्या वर्षीही काम इथंच. नाही गेले तर बाहेरच्या कारखान्याला, आणि इथल्या मशिनींवर कापड झाकायचं. हे सगळ्यांना माहीत आहे. बचत गटांच्या संघानं मला इथं समन्वयक म्हणून बसवलंय. कुणाला घ्यायचं, कुणाला काढायचं, कुणाला सुट्टी द्यायची — यातलं काही माझ्याकडे नाही. माझ्याकडे फक्त तोंड आहे. तेही मऊ.

२० मे

खिसे तिरके. सांगितलं. हसल्या.

२२ मे

परभणीच्या प्रशिक्षणात शिकवायला आलेल्या बाई काय छान बोलल्या होत्या — हुकूम सोडणं सोपं असतं, माणसं आपल्यामागे यावीत असं वागणं अवघड. बोलू नका, करून दाखवा. मी मान डोलावून डोलावून ऐकलं होतं. तिथं पंखा होता, टेबलावर पाण्याच्या बाटल्या होत्या. तिथं केवळाबाई नव्हती.

पण करून बघायला काय हरकत आहे? उद्यापासून कुणाला काही बोलायचं नाही. जो शर्ट बिघडलेला दिसेल तो मी स्वतः उसवायचा, स्वतः शिवायचा. सगळ्यांसमोर, शांतपणे. बघतील. त्यांना काहीतरी वाटेलच की.

२४ मे

दोन दिवस उसवतेय. बोटांची टोकं हुळहुळली आहेत. कुणी काही बोललं नाही, पण समोरच्या मशिनीवरची दैवशाला दोनदा माझ्याकडे बघताना दिसली. मला वाटतं, आत पोचतंय काहीतरी. बरं वाटलं.

२७ मे

काय पोचतंय ते आज कळलं.

सकाळी माझ्या टेबलावर शर्टांचा ढीग. मला वाटलं, तयार माल आणून ठेवलाय. उलगडून बघते तर कॉलर वाकड्या, काजं फाटलेली, एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या! विचारलं, हे काय? दैवशाला अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाली, "तुमी नीट करताव न्हवं रोज. म्हणून येगळे काढून ठिवले. तुमाला हुडकायचा तरास कामून?"

चेष्टा नव्हती तिची. खरंच माझी सोय बघितली होती बिचारीनं. सविता पलीकडून म्हणाली, "ताईचा हात लय साफ हाय. आमी घाईघाईनं वढतो, ताई मागून बसवतात. झालं की."

म्हणजे मी त्यांना कामाचा आदर्श घालून देत नव्हते. मी त्यांच्यासाठी एक बाई वाढवली होती, फुकटची.

घरी येऊन यांना सांगितलं. हे पोट धरून हसले. मीही हसले थोडी. मग स्वयंपाक करताना रडू आलं. असं का होतं मला, कळत नाही. चाळीशी उलटून किती वर्षं झाली, अजून कुणी आपलं ऐकलं नाही की मी लहानपणच्यासारखी रडायला बसते.

३० मे

अर्ध्या मशिनी रिकाम्या. कुठं गेल्या? शेतात धसकटं वेचायला. पेरणीआधी रान साफ करायला बाया लागतात, रोजही बरा मिळतो. कुणाला विचारून गेल्या? केवळाबाईला.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिची मशीन दाराशी आहे, उजेडाला. म्हटलं, "केवळाबाई, निदान मला सांगायचं तरी."

"तुमाला सांगितलं असतं तर तुमी न्हाई म्हणला असता."

"मग?"

"मग त्या तरी बी गेल्या असत्या. तुमचा शबूद गेला असता ना वाया." मशिनीचं पायडल चालूच होतं तिचं. "आज ह्या गेल्या, उद्या दुसऱ्या जातील. सगळ्यायला चार पैसे पायजेत पेरणीला. एकदम सगळ्या जाऊ देत न्हाई मी."

तिच्या बोलण्यात तथ्य होतं, आणि नेमकं तेच मला सोसेना. मी उगाच विचारलं, "तुम्ही नाही गेलात?"

"मी? मी न्हाई आता कुठं जात. लगीन झाल्यापासून मेंढरामागंच चालले, ताई. चूल पाठीवर अन् लेकरू खाकंला. नातवाचं तोंड बघायचं तर सहा-सहा महिने लागायचे. ह्या मशिनीवर बसले तवापासून रोज सांजच्याला माझ्या घरी जाते. मला उठवू नका म्हणजे झालं."

हसत म्हणाली. मीही हसले. पण घरी येईपर्यंत डोक्यात एकच — मी आहे कशाला तिथं?

३१ मे

हे म्हणतात, "तू लय गोड बोलतेस. एकदा रागवून बघ."

१ जून

रागावले. सविता म्हणाली, "ताई, बीपीची गोळी घेतली का सकाळी?" सगळ्या हसल्या. केवळाबाई हसली नाही. तिनं सविताकडं नुसतं बघितलं आणि सविता गप्प झाली. मला ते हसण्यापेक्षा जास्त लागलं.

२ जून

संघाच्या कार्यालयातून चंद्रभान साहेबांचा फोन. माल किती झाला, उरलेला कधी. मी खरं ते सांगितलं. साहेब चढ्या आवाजात, "तुम्हाला तिथं कशाला ठेवलंय मग?"

हाच प्रश्न मी रोज स्वतःला विचारते. दुसऱ्यानं विचारला आणि एकदम कढ आला. म्हटलं, "साहेब, इथं माझं कोण ऐकतंय? केवळाबाई म्हणेल तसं सगळं चालतं. ती उठली की सगळ्या उठतात, ती म्हणाली की शेतात जातात. ती असेपर्यंत माझ्याच्यानं काही व्हायचं नाही."

"बरं," म्हणाले. फोन ठेवला.

बोलून टाकल्यावर हलकं वाटलं. आज पहिल्यांदा नीट जेवले.

४ जून

साहेब न सांगता आले. गाडी दारात. सगळ्यांना उभं केलं. म्हणाले, शिस्त नसेल तर केंद्र चालणार नाही, आणि समन्वयक ताईंनी रीतसर तक्रार केलीय.

रीतसर! मी फक्त बोलले होते.

केवळाबाईला म्हणाले, उद्यापासून यायचं नाही. तुमच्या जागी नवी बाई येईल.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण आवाज निघाला तो "साहेब, तसं नव्हतं…" एवढाच, आणि तो गाडीच्या आवाजात गेला.

सगळ्या पुन्हा मशिनींवर बसल्या. केवळाबाईनं चालू शर्टाची शिलाई पुरी केली. टाका पक्का केला, दोरा तोडला, शर्ट घडी करून ढिगावर ठेवला. मशीन पुसली. माझ्याकडे बघितलं, पण रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं. पिशवी घेतली आणि गेली.

तिच्यामागं कुणी उठलं नाही. आज पहिल्यांदाच.

५ जून

साहेबांना तीन वेळा फोन केला. तिसऱ्यांदा उचलला. म्हटलं, माझं चुकलं, तिला परत घ्या. म्हणाले, "आता परत घेतलं तर तुमचा धाक काय राहील?"

मला धाक नको होता. मला काय हवं होतं ते साहेबांना कसं सांगू? मलाच इथं लिहिता येत नाहीये.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. अंगणात सून भांडी घासत होती. म्हणाली, "आत्याबाई दुपारीच गेल्या. मेंढरं येलदरीकडं हायेत, धरणाच्या कडंला. मामांजींच्या मागं गेल्या." नातू उंबऱ्यात बसला होता. मी त्याला हात लावायलाही धजले नाही.

६ जून

सगळ्या वेळेवर. कुणी शेतात गेलं नाही. चहाला कुणी उठेना, तेव्हा मीच म्हटलं, "चला, घोटभर घ्या." तेव्हा उठल्या. खिसे सरळ, कॉलरी सरळ. एक बाही वाकडी आली तर दैवशालानं न सांगता उसवली. माल वेळेत जाईल, आता नक्की.

मी सांगेन तसं सगळ्यांनी केलं. दिवसभर कुणी हसलं नाही. इतकी भीती बसवली मी या बायांना?

७ जून

न राहवून सविताला बाजूला घेतलं. म्हटलं, साहेबांना एवढ्या घाबरलात का गं?

तिनं दातानं दोरा तोडला. "साहेबाला कोण भेतंय, ताई. केवळामाय जायच्या आधी घरोघर फिरली. म्हणली, ताईचं ऐका, काम जाऊ देऊ नका. म्हणून ऐकायलोत."