नऊ टोपल्या, एकतीस फेकी

६ फेब्रुवारी १९८४, सोमवार
आजपासून नियम. रोज सकाळी साडेसहाला नगरपालिकेची बाग. मेव्हण्यानं अमेरिकेतून प्लॅस्टिकची तबकडी धाडली आहे. झाडांना नऊ टोपल्या टांगल्या. एकीत पडली की तिथून पुढची. जितक्या कमी फेकी, तितका खेळाडू थोर. आर्वीत हा खेळ प्रथम मी आणला, याची नोंद होईलच. (मीच करीन.)
नगराध्यक्ष प्रभाकरराव म्हणाले, रविवारी स्पर्धा घ्या, ती पूर्ण झाली की टोपल्या खाली. पुढचं पाहता येईल. खेळ पाहून विरघळतील.

७ फेब्रु.
उठलो नाही. थंडी.

९ फेब्रु., गुरुवार
बागेत फार माणसं. माळी कवडूनं विचारलं, मास्तर, हे ताट काऊन फेकून राह्यले? हस्तलाघव म्हणजे काय ते समजावलं. म्हणाला, मंग टोपलीत काऊन नाई जात? वारा, दुसरं काय.
चौथ्या झाडाखाली शकुबाई संत्री विकते. तबकडी तिच्या टोपलीत पडली. ती मोजली. टोपली ती टोपली. शकुबाई म्हणाली, फुटलेले दोन घेऊन जाजो, मास्तर.

११ फेब्रु., शनिवार, सायं. ५
स्पर्धेची बातमी नागपूरच्या पेपरला रवाना. रविवारी बातमीचं पाकीट नेणारा एस्टीचा कंडक्टर रजेवर असतो, म्हणून रविवारचे सगळे कार्यक्रम मी शनिवारीच पार पाडतो. अठरा वर्षांत फसलं एकदाच. गेल्या महिन्यात कीर्तनकार आलेच नाहीत आणि माझ्या बातमीत श्रोते मंत्रमुग्ध झाले. संपादकांनी लिहिलं, पुन्हा असं झालं तर वार्ताहरपद गेलं समजा.
या खेपेला प्रश्नच नाही. स्पर्धक मीच. एकटाच, दर्जा राहावा म्हणून. लिहिलं: ‘नऊ टोपल्या अवघ्या एकतीस फेकींत पूर्ण.’ तेवीस लिहिणार होतो. विनय आड आला.

त्याच दिवशी, रात्रीचं जेवण झाल्यावर
सौ.नं विचारलं, घास हातात धरून काय मोजताय? एकतीस भागिले नऊ. टोपलीमागे साडेतीनसुद्धा नाही. माझा आजवरचा उत्तम आकडा: टोपलीमागे अकरा.

१२ फेब्रु., रविवार
घाम. अर्धं गाव आलं. कवडू मोठ्यानं मोजत होता, कोणी सांगितलं होतं? एकतिसावी फेक झाली तेव्हा मी तिसऱ्या टोपलीपाशी. साठावी एका पेन्शनरच्या टोपीला लागली. ऊन, गर्दी, कवडू, या तिघांमुळे थांबलो.
प्रभाकररावांनी हसून पाठ थोपटली. म्हणाले, नऊ होईपर्यंत राहू द्या टोपल्या, घाई नाई. म्हणजे जन्मभर! पराभवातून असा लाभ शास्त्रालाही ठाऊक नसावा.
पण बातमी? संपादक कशाला आर्वीला येतात.

१३ फेब्रु., सोमवार, दुपारी
दीडच्या एस्टीनं पेपर आला. बातमी छापली. चौकट करून, माझ्या नावानिशी. घरात लपवला. गावात चाळीस प्रती येतात.

१४ फेब्रु., मंगळवार
प्रभाकररावांनी बोलावलं. पेपर समोर. म्हणाले, मास्तर, स्पर्धा पूर्ण झाली असन तर टोपल्या आजच काढतो. नसन झाली तर संपादकाले तसं पत्र टाकतो. काय करू, तुम्हीच सांगा.
मी म्हणालो, पूर्ण झाली.
बागेत गेलो. कवडू शिडीवर होता. म्हणाला, मास्तर, एकतीस म्हणजे कमालच केली तुम्ही. शिडी हलत होती. नवव्या टोपलीपर्यंत धरून उभा राहिलो.